मुदत फक्त रयतेलाच का?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, वाजंत्रीवाल्याचे पैसे चुकते झाले, म्हणजे आपण भोळी माणसे समजतो की आता कारभार सुरू झाला. पण पुष्कळ गावी दुसरी निवडणूक तेथून पुढे सुरू होते. ती शाळेच्या खोलीत होत नाही, तालुक्याच्या न्यायालयाच्या ओट्यावर होते. पहिल्या निवडणुकीत आपण रांगेत उभे राहतो आणि सायंकाळी मोकळे होतो. दुसऱ्या निवडणुकीत मात्र उभेच राहतो. पाय दुखले तरी बसा म्हणणारा कोणी भेटत नाही.

या दुसऱ्या निवडणुकीविषयी आज चार गोष्टी स्पष्ट बोलावयाच्या आहेत. गोड बोलून तीस-चाळीस वर्षे पाहिली, काही निष्पन्न झाले नाही.

आधी कायदा काय तो पाहू. कारण कायदा ठाऊक नसणे हीच रयतेच्या बुडण्याची पहिली पायरी. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे १५ वे कलम असे सांगते की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल ज्याला खोटा वाटत असेल, मग तो उमेदवार असो की साधा मतदार, त्याने निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा. आम्हां वाळूजकरांचा तालुका गंगापूर. न्यायाधीशाने चौकशी करून निकाल कायम करावा, दुरुस्त करावा किंवा निवडणूकच रद्द करावी. दोन उमेदवारांत मतांच्या आकड्याचा तंटा असेल तर मते तपासून व मोजून ज्याची जास्त भरतील त्याला निवडून आला असे जाहीर करावे. जिल्हा परिषदेसाठी १९६१ च्या कायद्याचे २७ वे कलम आहे. तेथेही १५ दिवस, पण अर्ज जिल्हा न्यायाधीशाकडे. नगरपालिकेला तर दहाच दिवस. आणि १९९३ पासून अमलात असलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने घटनेतच लिहून ठेवले आहे की पंचायतीच्या निवडणुकीला अशा अर्जाखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाटेने आव्हान देता येणार नाही. म्हणजे वाडा मोठा, पण दरवाजा एकच, आणि तो पंधरा दिवस उघडा. सोळाव्या दिवशी आलात तर तुमचे खरे असले तरी ते ऐकण्याची कोणावर सक्ती नाही.

हे आम्हांस मान्य आहे. मुदत असावी. निवडून आलेल्या माणसाच्या मानेवर जन्मभर टांगती तलवार नको. पण बंधूहो, अर्ज करणाऱ्याला पंधरा दिवस, तर निवाडा करणाऱ्याला किती? त्याचा हिशेब पक्षकाराच्या डोक्याचे केस पांढरे होण्यावरून करावयाचा काय? पद पाच वर्षांचे. त्या पदाचा तंटा चार वर्षे चालला, तर ज्याने खोटे केले त्याला चार वर्षांचे पद फुकट मिळाले आणि ज्याचे खरे होते त्याला चार वर्षांच्या तारखा मिळाल्या. पाचव्या वर्षी निकाल लागून उपयोग काय? बैल गेला आणि झोपा केला.

या लेखकाचा धंदा मास्तरकीचा. आम्हां मास्तरांना दर निवडणुकीत केंद्रावर बसवितात. आदल्या दिवशी तहसिलीतून यंत्रे ताब्यात घ्यावयाची, रात्र शाळेच्या फरशीवर काढावयाची, सकाळी साडेसातच्या ठोक्याला मतदान सुरू करावयाचे, सायंकाळी साडेपाचला दाराशी जेवढे उभे असतील तेवढ्यांची मते घेऊन बंद करावयाचे, मोहरा लावावयाच्या, किती मते पडली त्याचा हिशेब लिहून द्यावयाचा. दहा मिनिटे उशीर झाला तर खुलासा मागतात, आणि तो मागावाच. उमेदवाराचेही तसेच. अर्ज भरावयास तीन वाजता दार लागले की लागले. निवडणूक झाल्यावर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही, तर हरलेल्या माणसालासुद्धा पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरविता येते. राखीव जागेवरच्या माणसाने जातपडताळणीचा दाखला मुदतीत आणला नाही तर पद गेले. दाखला देणारी समिती झोपली होती ही सबब चालत नाही. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ही मुदत सक्तीची आहे असेच ठरविले होते. पुढे विधिमंडळाने मुदती वाढवून दिल्या. पण वाढवल्या त्या उमेदवाराच्या. समितीने अमुक दिवसांत दाखला न दिल्यास समितीचे कोण घरी जाईल, हे कोठे लिहिलेले आम्ही वाचले नाही. कुंभार, न्हावी, तेली, माळी, धनगर यांच्या घरचा पोर गावात निवडून यावयाचा आणि कचेरीच्या फळीवर पडलेल्या एका कागदापायी खुर्चीवरून उतरावयाचा, हा काय न्याय म्हणावा?

सारांश, केंद्राध्यक्षाला घड्याळ, उमेदवाराला घड्याळ, अर्जदाराला घड्याळ. न्यायाच्या व सरकारच्या भिंतीवरच्या घड्याळाला मात्र काटेच नाहीत.

आता एक ताजे उदाहरण देतो. ते आपल्या मुलखातले नाही, हरियाणातले आहे. पण खेडे तुमच्या-आमच्यासारखेच. पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गावी २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांची मते एकमेकांच्या नावे लिहिली गेली, अशी तक्रार. त्यामुळे हरलेला जिंकला आणि जिंकलेला हरला. ज्याचे गेले तो अर्ज घेऊन निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेला. तेथे २२ एप्रिल २०२५ रोजी हुकूम झाला की त्या केंद्राची मते पुन्हा मोजा. म्हणजे नुसते मोजा म्हणावयास अडीच वर्षे लागली! तो हुकूम उच्च न्यायालयाने १ जुलैला रद्द केला. अर्जदार दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे ३१ जुलैला न्यायाधीशांनी सांगितले की गावची सर्व यंत्रे येथे आणा आणि आमच्या निबंधकासमोर, दोन्ही पक्षांच्या देखत, चित्रण करून मोजा. ६ ऑगस्टला यंत्रे उघडली. सगळी मिळून ३,७६७ मते. अर्जदाराला १,०५१ आणि पावणेतीन वर्षे सरपंच म्हणून मिरवलेल्याला १,०००. ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने खऱ्याला खरा ठरविले.

सर्वोच्च न्यायालयाला याबद्दल धन्यवाद दिलेच पाहिजेत. पण मास्तर आहे, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. साठ महिन्यांचे पद. त्यातले तेहतीस महिने खोट्या आकड्याने खाल्ले. आणि हा खोटा आकडा खरा करावयास प्रत्यक्षात किती वेळ लागला? एक दिवस. पानिपतच्या खेड्यातली यंत्रे दिल्लीपर्यंत वाहून न्यावी लागली, तेव्हा कोठे बेरीज झाली. ती बेरीज पानिपतातच, अर्ज आल्याच्या पहिल्या महिन्यात, कोणी का करू दिली नाही?

काही विद्वान म्हणतील, न्यायाच्या कामी घाई करू नये. विद्वानांना आम्ही नम्रपणे विचारतो: चंडीगडच्या महापौराच्या निवडणुकीत घाई कशी चालली? ३० जानेवारी २०२४ रोजी तेथे ३६ मते पडली. अध्यक्षस्थानी बसलेल्या हुद्देदाराने आठ मतपत्रिका बाद ठरवून २० मतांच्या उमेदवाराला १२ वर आणले व १६ वाल्याला महापौर केले. त्या मतपत्रिकांवर स्वतः त्यानेच खुणा केल्या होत्या, आणि वरचे यंत्र हे सर्व टिपत होते. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका मागवून घेतल्या, स्वतः पाहिल्या आणि २० फेब्रुवारीला निकाल फिरविला. एकवीस दिवस! फार उत्तम झाले. शहराच्या महापौराला एकवीस दिवस आणि खेड्याच्या सरपंचाला तेहतीस महिने. तर मग शहरातले मत सोन्याचे आणि आमचे काय शेणाचे?

लाच दिली, दारू वाटली, मेलेल्याच्या नावे मत टाकले, असल्या तक्रारींना साक्षीपुरावा लागतो, उलटतपास लागतो, वेळ लागतो, हे आम्हांसही कळते. पण किती मते पडली हे ठरवावयाला साक्षीदार लागत नाही, बेरीज लागते. बेरीज आम्ही तिसरीच्या पोरांना शिकवितो. न्यायालये फेरमोजणीला सहजासहजी राजी होत नाहीत. नुसत्या संशयावरून पेट्या उघडू लागलो तर मताची गुप्तता राहणार नाही व प्रत्येक हरलेला पुन्हा मोजा म्हणेल, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालापासून धरलेले आहे. तत्त्व बरोबर आहे. तरीपण ते कागदी मतपत्रिकेच्या काळचे. यंत्रातला आकडा पुन्हा वाचल्याने कोणी कोणाला मत दिले हे थोडेच उघडे पडते? शिवाय आपल्याकडे आजवरच्या ग्रामपंचायत निवडणुकांत विधानसभेसारखी चिठ्ठी दाखविणारी पेटी यंत्राला जोडलेली नव्हती. पडताळून पहावयाला दुसरे साधनच नाही. ज्या वॉर्डात दोन-चार मतांनी निकाल लागतो, कधी समसमान होऊन चिठ्ठी टाकावी लागते, तेथे लिहिणाऱ्याच्या एका चुकीने पाच वर्षांचा कारभार इकडचा तिकडे होतो.

आणि कारभार म्हणजे काही नुसता फेटा बांधून झेंडा लावणे नव्हे. घरकुलाची यादी कोणाच्या सहीने पुढे जाते? रोजगार हमीचे काम कोणत्या शिवारात निघते? वित्त आयोगाचा पैसा नळाला जातो की नालीला? आमच्या वाळूजच्या पट्ट्यात तर एक भाऊ कपाशीत व दुसरा कंपनीत असे घर. आसपासच्या पंचायती नावाला ग्रामपंचायती. वस्तीने लहानसहान शहरे. तेथे नोंदी, नकाशे, परवानग्या, करवसुली यांचा व्यवहार मोठा आहे. खोट्या आकड्यावर बसलेल्याने या काळात केलेल्या सह्या निकाल फिरल्यावर काही पुसल्या जात नाहीत. उचललेली बिले परत येत नाहीत. ती सरपंचकी परत मिळते, गेलेली वर्षे मिळत नाहीत.

इतके झाले सरकार-दरबारचे. आता थोडे आपल्याच पुढाऱ्यांविषयी, आणि येथे काहींना राग येईल, येवो.

आपल्या गावात हरलेला माणूस घरी बसत नाही. भावकीतला एखादा शहाणा त्याच्या कानाशी लागतो: “दादा, मोजणीत हरलो तर काय झाले, कचेरीत पाडू.” मग जिंकलेल्याच्या घराचा ओटा सरकारी जागेत किती फूट आला, तिसरे लेकरू कोणत्या तारखेचे, शौचालय वापरतो की नाही, याचा शोध सुरू होतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे, तेथून आयुक्ताकडे, तेथून खंडपीठाकडे. यातले काही अर्ज खरे असतात. पण पुष्कळ अर्ज असतात ते केवळ सूडाचे, आणि ते नेमके कोणावर पडतात ते पाहा. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावी २०२१ साली एक बाई राखीव जागेवर सरपंच झाली. ती सासूबरोबर सरकारी जागेवरील घरात राहते असे म्हणून गावकऱ्यांनी तक्रार केली. ती सांगत राहिली की मी तेथे राहत नाही, नवऱ्या-लेकरांसह भाड्याच्या घरात राहते. कचेऱ्यांनी एकामागून एक तिला अपात्र ठरविले, औरंगाबादच्या खंडपीठातही २०२३ साली तिची दाद लागली नाही. अखेर २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व हुकूम रद्द करून तिला परत बसविले, आणि स्पष्ट म्हटले की बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचले नाही आणि सरकारी यंत्रणेने निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढण्याचे काम अगदी हलक्या हाताने केले. पाच वर्षांपैकी साडेतीन वर्षे तोवर सरली होती. तिचा मतांचा आकडा खोटा होता असे कोणी म्हणालेसुद्धा नव्हते!

तेव्हा हरलेल्या पुढाऱ्यांनो, सूडाचा अर्ज लिहिताना आपण कोणाच्या हाती कोलीत देतो याचा विचार करा. तुमच्या वकिलाचे बिल तुमच्या बागायतीतून जाईल. समोरच्याला मात्र तारखेच्या दिवशी कंपनीत खाडा पडतो, कापूस वेचणीची बाई मिळाली असता घरधनी गंगापूरच्या बसमध्ये बसलेला असतो. दोघांची भांडणे होतात, आणि झेरॉक्सवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळा बाजार त्यावर चालतो.

उशीर करण्यात सरकारही कोणाला मागे सरत नाही. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ओबीसींना स्थानिक संस्थांत जागा राखावयाच्या तर त्यांच्या मागासपणाची माहिती आयोग नेमून गोळा करा आणि एकूण राखीव जागा पन्नास टक्क्यांवर जाऊ देऊ नका. या निवाड्याने नागपूर, अकोला, वाशीम, धुळे, नंदुरबार वगैरे जिल्हा परिषदांत निवडून आलेल्या ओबीसी सभासदांच्या जागा मधूनच रिकाम्या झाल्या. वास्तविक ही माहिती गोळा करावयास सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले होते. अकरा वर्षे सरकारे आली नि गेली, शिरगणती काही झाली नाही. चूक कोणाची? सरकारची. खुर्ची कोणाची गेली? साळ्या-माळ्याची. पुढे त्याच घोळात निवडणुकाच अडल्या. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली व प्रशासक बसला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला की चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा, चार महिन्यांत उरका. उरकल्या नाहीत. यंत्रे अपुरी, माणसे अपुरी, सणवार आले, अशा सबबी सांगितल्या गेल्या. आणि १६ सप्टेंबरला ३१ जानेवारी २०२६ पर्यंत नवी मुदत मिळाली. पाहा बंधूहो! खेड्यातला अर्जदार सोळाव्या दिवशी गेला तर दार बंद. सरकारची मुदत चुकली तर सरकारला नवी मुदत.

मनात आले तर सरकारी यंत्रणेला त्वरा करता येत नाही असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक एकाच वेळी होती. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा उघड लिलाव झाल्याचे दिसून आले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने मतदानाला दोन दिवस असताना दोन्ही गावची निवडणूक रद्द केली. कोणी आकाश कोसळले असे म्हटले नाही. जे आयोगाला साधते ते न्यायालयाला व विधिमंडळाला का साधू नये? आमदार-खासदारांच्या निवडणूक अर्जांविषयी १९५१ च्या कायद्यात निदान एवढे तरी लिहिले आहे की ते सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा. तो प्रयत्नही पुष्कळदा कागदावरच राहतो. तरी आमच्या सरपंचांसाठी आम्ही तेच मागतो, पण प्रयत्न नको, सक्ती पाहिजे.

तोवर वाचकांनी काय करावे? मोजणीच्या टेबलावर आपला प्रतिनिधी शिकलेला व न भिणारा बसवा. प्रत्येक केंद्राचा आकडा तेथेच वहीत उतरवा आणि केंद्राध्यक्षाने दिलेल्या हिशेबाशी ताडून पाहा. आकड्यात फरक दिसला तर तोंडी ओरडू नका, ओरडणाऱ्याला पोलीस बाहेर नेतात. निकाल जाहीर होण्याआधी कारण लिहून फेरमोजणीचा लेखी अर्ज द्या व पोच घ्या. तो फेटाळला तर फेटाळल्याचा लेखी हुकूम मागा. पंधरा दिवसांची मोजणी निकालाच्या तारखेपासून होते, तुमच्या वकिलाच्या सवडीपासून नव्हे. अर्जात “गैरप्रकार झाले” असे मोघम लिहू नका. कोणते केंद्र, किती मते, कोणाच्या नावची कोणाला गेली, ते मांडा. अधिकाऱ्याची नुसती चूक, लबाडी नसलेली, एवढ्यावरच निवडणूक रद्द होत नाही, असे त्याच १५ व्या कलमात आहे, म्हणून चुकीने निकाल कसा फिरला ते आकड्याने दाखवा. अर्जाबरोबरच यंत्रे व कागद जपून ठेवण्याचा हुकूम मागा. आणि ज्याला यातले एकही आकडे दाखविता येत नाहीत त्याने वकिलाकडे जाण्यापेक्षा पेरणीकडे लक्ष द्यावे.

येत्या ग्रामसभेत पुढील ठराव मांडावा अशी आमची सूचना आहे. वहीत उतरवून घ्या, ग्रामसभेच्या वृत्तांतात लिहवून घ्या, आणि नक्कल ग्रामविकास विभाग, मंत्रालय, मुंबई येथे व आपल्या आमदाराकडे रजिस्टर टपालाने पाठवा:

“ग्रामपंचायत निवडणुकीच्या निकालाविरुद्ध कलम १५ खाली आलेल्या अर्जाचा निवाडा सहा महिन्यांच्या आत देणे बंधनकारक करावे. तक्रार केवळ मतांच्या आकड्याविषयी असेल व ती केंद्रवार मांडलेली असेल, तर अर्ज दाखल झाल्यापासून तीस दिवसांत न्यायाधीशासमोर, दोन्ही पक्षांच्या देखत, तालुक्याच्या ठिकाणीच यंत्रातील मते पुन्हा मोजावीत. अपात्रतेच्या तक्रारीसही हीच सहा महिन्यांची मर्यादा लावावी, व जी तक्रार केवळ छळासाठी केली असे ठरेल तिचा सर्व खर्च तक्रारदाराकडून वसूल करून समोरच्या पक्षास द्यावा. जातपडताळणी समितीने मुदतीत निर्णय न दिल्यास त्या कारणाने निवडून आलेल्या सभासदाचे पद जाऊ नये.”

— एक खेडवळ मास्तर, वाळूज